बोळातला वारा, अशोकाची रांग आणि एक लॅपटॉप

पुण्यात आमच्या सोसायटीत दोन टॉवर आहेत, स्टिल्ट धरून प्रत्येकी चाळीस मीटर उंच. त्यांच्यामध्ये बारा मीटर रुंदीचा, पश्चिमेला तोंड असलेला बोळ आहे. जून उजाडला की या बोळात छत्र्या उलट्या होतात. मागच्या मीटिंगमध्ये सूचना आली की बोळाच्या तोंडाशी अशोकाची रांग लावू, वारा अडेल. लगेच एका काकांनी हरकत घेतली, "आणि एप्रिलमध्ये गुदमरायचं का?" दोन्ही बाजू ठाम होत्या आणि पुरावा कुणाकडेच नव्हता. मी उगाच बोलून गेलो, "कॉम्प्युटरवर करून बघता येईल." मग ते माझ्याच गळ्यात पडलं.

त्या दोन महिन्यांत शिकलेलं आणि चुकलेलं इथे क्रमाने लिहितो. हवा-पाण्याचे प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणारं ओपनफोम हे सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, २००४ पासून सोर्ससकट खुलं आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी पायऱ्या याच.

पहिली पायरी: प्रश्न एका ओळीत लिहा

"वारा कसा वाहतो ते बघू" हा प्रश्न नव्हे, त्यातून फक्त रंगीत चित्रं निघतात. माझी ओळ अशी होती: पश्चिम ते नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्यात, जमिनीपासून पावणेदोन मीटरवर, बोळातल्या पाच ठिकाणी रांगेमुळे वेग किती बदलतो? या एका ओळीतून दिशा, उंची, जागा आणि कोणते दोन रन (कॉम्प्युटरवरचे प्रयोग) करायचे ते ठरलं.

वाऱ्याचा प्रश्न फक्त छत्र्यांचा नसतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या ब्रिजवॉटर प्लेस या ११२ मीटर उंच इमारतीच्या पायथ्याशी २०११ मध्ये वाऱ्याने एक लॉरी उलटली आणि एका पादचाऱ्याचा जीव गेला. पुढे तिथे रस्त्यावर वारा फोडणारे पडदे उभारावे लागले. उंच इमारत वरचा वेगवान वारा छातीवर घेते आणि तो तिच्या तोंडावरून खाली घसरत कोपऱ्यांवरून सुसाट निघतो. त्यामुळे आपल्या बोळातला वारा पूर्ण आपल्या बोळातला नसतो, बराचसा दहाव्या मजल्यावरून उतरलेला असतो.

नकाशा आणि उंची

इमारतींचे आकार ओपनस्ट्रीटमॅपवरून मिळतात. उंची बहुतेक वेळा नसते, मग मजले मोजायचे आणि मजल्याला तीन मीटर धरायचे. बाल्कन्या, ग्रिल, पाण्याच्या टाक्या सोडून द्या. कंपाउंडची भिंत मात्र सोडू नका, डोक्याच्या उंचीवरच्या वाऱ्याला ती चांगलीच जाणवते. आजूबाजूच्या इमारतीही साध्या ठोकळ्यांसारख्या घ्या. मी साधारण तीनशे मीटरचा पट्टा घेतला.

एक मूर्ख चूक सांगून ठेवतो. मॉडेल मिलिमीटरमध्ये एक्स्पोर्ट झालं होतं, ओपनफोमला मीटर हवे असतात. माझे टॉवर चाळीस किलोमीटर उंच झाले आणि अर्धी संध्याकाळ मी मेश (हिशेबाची जाळी) का फुटते म्हणून डोकं खाजवत बसलो. पॅराव्ह्यू या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आधी लांबी-रुंदीचे आकडे वाचा.

पेटी केवढी घ्यायची

ज्या काल्पनिक पेटीत वारा सोडायचा तिला डोमेन म्हणतात. युरोपातल्या कॉस्ट ७३२ या संशोधन-उपक्रमाच्या मार्गदर्शनाप्रमाणे सर्वांत उंच इमारतीची उंची धरून समोर, बाजूंना आणि वर पाच-पाच पट, आणि मागे पंधरा पट जागा सोडायची. मागे एवढी जागा लागते, कारण इमारतीच्या पाठीमागचा भोवरा लांबवर ओढला जातो. माझ्या चाळीस मीटर उंचीसाठी, मधला तीनशे मीटरचा पट्टा धरून, पेटी झाली ११०० मीटर लांब, ७०० रुंद, २४० उंच.

नंतर वाऱ्याच्या दिशेने बघताना इमारती पेटीचा किती भाग अडवतात ते मोजा, तो ३ टक्क्यांच्या आत हवा. माझे दोन टॉवर मिळून ४००० चौरस मीटर आणि शेजारपाजारचे दिसणारे ठोकळे ३०००. म्हणजे ७००० भागिले १,६८,०००, साधारण ४.२ टक्के. जास्त. रुंदी १००० मीटर केली आणि २.९ वर आलं. हा हिशेब टाळलात तर पेटीच्या भिंतीच वारा दाबतात आणि वाढलेला वेग आपण इमारतीच्या खात्यावर घालतो.

पावसाळ्यात वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या मधे फिरत राहतो, म्हणून मी चार दिशा केल्या. प्रत्येक दिशेसाठी पेटी तशीच ठेवायची आणि इमारती फिरवायच्या. बाउंड्री कंडिशन (पेटीच्या कडांवरच्या अटी) चार वेळा लिहाव्या लागत नाहीत. पूर्ण वर्षाचा अभ्यास असेल तर १२ किंवा १६ दिशा लागतात.

आत येणारा वारा

बहुतेक लोक इथेच फसतात आणि फसलेलं कळत नाही.

पेटीच्या तोंडाशी सगळ्या उंचीवर ५ मीटर प्रति सेकंद भरून चालत नाही. जमिनीजवळ वारा मंद असतो, वर जाताना लॉगरिदमच्या वक्राने वाढतो: उंची भागिले झेड-नॉट (तो काय ते पुढच्याच ओळीत), त्याच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या प्रमाणात. वक्राचा आकार ठरवते ती खडबडीतपणाची लांबी, आमच्या बोलीत झेड-नॉट. मोकळ्या माळाला ती ०.०३ मीटर, विरळ वस्तीला ०.२५, दाट उपनगराला ०.५ ते १. पश्चिमेकडची वस्ती बघून मी ०.५ घेतली.

वेग कुठून आणायचा? विमानतळाची नोंद सर्वांत सोपी. ती दहा मीटर उंचीवरची, मोकळ्या मैदानावरची आणि नॉटमध्ये असते (हा नॉट वेगळा, झेड-नॉट वेगळा). एक नॉट म्हणजे ०.५१४ मीटर प्रति सेकंद. लोहगावला १० नॉट असेल तर तो सोसायटीत तसाच्या तसा लावायचा नाही. साठ मीटर उंचीवर दोन्हीकडे वारा सारखाच आहे असं धरायचं, आधी विमानतळावरून वर जायचं आणि मग आपल्याकडे खाली उतरायचं.

१० नॉट म्हणजे तिथे दहा मीटरवर साधारण ५, झेड-नॉट ०.०३. साठ मीटरवर होतात ५ गुणिले ७.६० भागिले ५.८१, म्हणजे ६.५४. आपल्याकडे ०.५ धरून परत दहा मीटरवर उतरलं की ६.५४ गुणिले ३.०० भागिले ४.७९, म्हणजे ४.१. यातूनच घर्षणवेग (जमिनीच्या घर्षणाचं वेगाच्या रूपातलं माप) निघतो: ०.४ हा ठरलेला स्थिरांक गुणिले ६.५४ भागिले ४.७९, साधारण ०.५५. टर्ब्युलन्सची (वाऱ्यातल्या खळबळीची) ऊर्जा, के, म्हणजे त्याचा वर्ग भागिले ०.३, जवळपास १. एप्सिलॉनसाठी (ती ऊर्जा विरण्याच्या दरासाठी) घर्षणवेगाचा घन घ्यायचा आणि त्याला ०.४ गुणिले (उंची अधिक झेड-नॉट) याने भागायचं. १९९३ मधल्या रिचर्ड्स आणि हॉक्सी यांच्या या सूत्रांच्या बाउंड्री कंडिशन ओपनफोममध्ये तयार मिळतात, पण एकदा हाताने आकडे काढा. पुढे काही विचित्र दिसलं तर कुठे बघायचं ते कळतं.

आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकातला पुण्याचा ३९ मीटर प्रति सेकंद हा आकडा इथे चुकूनही घालू नका. तो पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेल्या तीन सेकंदांच्या झोताचा, इमारत पडू नये म्हणून. आपण सरासरी वारा मोजतोय, छत्री सांभाळायला.

जाळी

पेटीचे छोटे ठोकळे पाडायचे, म्हणजे मेश. ओपनफोममधल्या ब्लॉकमेशने सगळीकडे आठ मीटरचे सेल (ठोकळे) केले आणि त्यातल्याच स्नॅपीहेक्समेशने इमारतींजवळ ते अर्धे-अर्धे करत आणले. तीनदा अर्धे केले की एक मीटर, चारदा केले की अर्धा मीटर. बोळात अर्ध्या मीटरचे ठेवले, म्हणजे बारा मीटरच्या रुंदीत २४ सेल. कमीत कमी दहा तरी हवेतच. जमिनीवर अर्ध्या मीटरचे सेल असले की त्यांचे मध्य ०.२५, ०.७५, १.२५ आणि १.७५ वर येतात, आणि माझी पावणेदोन मीटरची उंची बरोबर चौथ्या सेलच्या मध्यावर बसते. पहिल्या-दुसऱ्या सेलमधला वेग वाचायचा नाही, तो भिंतीच्या सूत्राचा असतो.

आता एक गोची. सेलचा मध्य २५ सेंटिमीटरवर आणि झेड-नॉट ५० सेंटिमीटर. जमिनीचा खडबडीतपणा सेलच्या मध्यापेक्षा मोठा! फ्लुएंटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाळूच्या दाण्यांच्या हिशेबाने हाच ०.५ साधारण १० मीटर होतो, म्हणजे पहिला सेल वीस मीटरचा लागेल. उपाय हा की ०.५ फक्त इमारतींच्या अलीकडच्या मोकळ्या पट्ट्याला द्यायचा, जिथे आपण घरं काढलेली नाहीत आणि सेल आठ मीटरचे आहेत. इमारतींमधल्या डांबरी-काँक्रीट जमिनीला ०.०१ ते ०.०३ पुरतो, कारण तिथला खरा खडबडीतपणा म्हणजे इमारती, आणि त्या आपण काढल्याच आहेत.

सगळं मिळून ३५ लाखांच्या आसपास सेल झाले. १६ जीबी रॅममध्ये बसलं, पण मशिंग चालू असताना ब्राउझर बंद ठेवावा लागला.

आधी रिकामं मैदान

इमारती काढून टाका. सगळ्या तळाला एकच झेड-नॉट द्या, तेवढीच पेटी, तोच वारा, आणि रन करा. तोंडाशी सोडलेला वारा टॉवरच्या जागेपर्यंत जसाच्या तसा पोचायला हवा. माझा पोचला नाही. जमिनीजवळचा वेग वाटेतच वाढला होता, आणि वरच्या टोकाला मी नुसती घर्षण नसलेली (स्लिप) भिंत दिल्यामुळे वरचा वारा हळूहळू मरत होता. वर घर्षणवेगाला साजेसा ताण दिला आणि तळाची सेटिंग सुधारली, तेव्हा वक्र टिकला.

या चाचणीला दोन तास लागतात आणि दाखवायला एकही देखणं चित्र मिळत नाही, म्हणून लोक ती टाळतात. पण ती केली नसती तर इमारत उभी करण्याआधीच बोळातला वारा वाढला असता आणि मी तो टॉवरच्या माथी मारला असता.

जमलंच तर इमारतीचीही एक तालीम करा. जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेने, एआयजेने, तपासणीसाठी विंड टनेलच्या मोजण्या दिल्या आहेत. त्यातली पहिली रुंदीच्या दुप्पट उंचीच्या एकाच चौकोनी इमारतीची. साधं के-एप्सिलॉन मॉडेल (टर्ब्युलन्सचं नेहमीचं गणित) छपरावरचा उलटा प्रवाह दाखवतच नाही आणि मागचा भोवरा खऱ्यापेक्षा लांब दाखवतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की नंतर जपून बोलायची सवय लागते.

झाड म्हणजे भिंत नव्हे

पहिल्या प्रयत्नात मी अशोकाची झाडं सरळ उभे दंडगोल म्हणून घातली. प्रत्येक दंडगोलाच्या बाजूने झोत निघाले, मागे भोवऱ्यांची माळ लागली आणि बोळातला वारा वाढला. झाडातून वारा गाळला जातो. पानं त्याचा वेग खातात, मोठे भोवरे फोडून बारीक करतात, पण वाट बंद करत नाहीत. म्हणून मेशमध्ये झाडाचा आकार कापायचा नाही. त्या जागेतले सेल वेगळे निवडायचे आणि तिथल्या समीकरणात वाऱ्याला मागे ओढणारं बल घालायचं. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार येतो: ड्रॅगचा गुणांक, पानांची घनता आणि वेगाचा वर्ग.

ड्रॅगचा गुणांक साधारण ०.२ धरतात. पानांची घनता म्हणजे एका घनमीटर झाडात पानांचं एकूण किती चौरस मीटर क्षेत्रफळ. हा आकडा कुठल्या पुस्तकात "खोटा अशोक, पुणे" म्हणून शोधत बसू नका, मोबाइलने काढा. शेजारच्या सोसायटीत तशीच दोन मीटर जाडीची रांग होती. सकाळी, मागे स्वच्छ आकाश येईल असा समोरून फोटो घेतला, गिम्प या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये काळा-पांढरा केला आणि हिस्टोग्रामवरून पांढरा भाग मोजला: २० टक्के. ०.२ चा नैसर्गिक लॉगरिदम उणे १.६. त्याला अर्धा गुणिले जाडी दोन, म्हणजे एकाने भागलं: १.६. पानं झुपक्यात असतात आणि फांद्याही मोजल्या जातात, त्यामुळे आकडा ढोबळच. मी १.५ घेतला, शिवाय १ आणि २ घेऊनही रन केले. निष्कर्ष त्या तिघांतही टिकला तरच तो मीटिंगमध्ये सांगण्यासारखा.

ओपनफोमच्या ईएसआय कंपनीवाल्या आवृत्तीत झाडांसाठी तयार सोर्स (समीकरणात घालायची पदं) आहेत, वेगासाठी आणि टर्ब्युलन्ससाठीही. तुमच्या आवृत्तीत ते नसतील तर डार्सी-फोर्खहायमर सच्छिद्रता (सच्छिद्र पदार्थातून जाणाऱ्या प्रवाहाचं सूत्र) वापरा. डार्सीचा आकडा शून्य ठेवा आणि फोर्खहायमरचा गुणांक २ गुणिले ०.२ गुणिले १.५, म्हणजे ०.६ प्रति मीटर. हा दोन कुठून आला? फोर्खहायमरच्या सूत्रात अर्धा असतो, झाडांच्या सूत्रात नसतो. याच अर्ध्यामुळे माझी रांग आठवडाभर निम्मी विरळ होती. या मार्गात टर्ब्युलन्सचा भाग सुटतो, हेही लक्षात ठेवा.

हाताने एक ताळा करा. ५ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात दोन मीटरच्या रांगेतून जाताना दाब किती पडेल? १.२ गुणिले ०.२ गुणिले १.५ गुणिले २५ गुणिले २, म्हणजे १८ पास्कल. त्याच वाऱ्याचा स्वतःचा गतिदाब १५ पास्कल. म्हणजे अडथळा चांगलाच आहे आणि वारा दुसरी वाट शोधणारच: वरून, बाजूने, किंवा खालून.

रांगेच्या जाडीत निदान चार सेल हवेत. अर्ध्या मीटरच्या मेशमध्ये ते आपोआप मिळतात.

युरोपातल्या लेखांत पानगळीचा हिवाळा हा मोठा मुद्दा असतो, कारण तिथे जोराचा वारा बरेचदा झाडं उघडी असताना येतो. आपल्याकडे उलट आहे. पश्चिमेचा वारा जुलैत येतो आणि तेव्हा झाडं पानांनी भरलेली असतात. अशोक तर बारमाही हिरवा. काटेसावर लावणार असाल तर हिवाळ्याच्या शेवटी ती उघडी पडेल, पण तेव्हा छत्रीचा प्रश्न नसतो.

रन

ओपनफोममधला सिंपलफोम, स्थिर प्रवाह, रिअलायझेबल के-एप्सिलॉन (त्याच मॉडेलची सुधारलेली आवृत्ती). साधं के-एप्सिलॉन वारा आदळतो त्या कोपऱ्यावर टर्ब्युलन्स फुगवून दाखवतं. सुरुवात फर्स्ट ऑर्डर अपविंड या ढोबळ गणितपद्धतीने केली तरी शेवट जास्त अचूक सेकंड ऑर्डरनेच करा. फर्स्ट ऑर्डर म्हणजे चित्रावर पाणी सांडल्यासारखं, सगळे झोत पसरट होतात.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली गेले म्हणून थांबू नका. आपल्या पाच ठिकाणी वेग नोंदवत राहा आणि तो हलायचा थांबला की थांबा. शेवटी एकदा मेश प्रत्येक दिशेने दीडपट बारीक करून बघा. सेल ३.४ पट होतात, त्यामुळे हा रन मित्राच्या ऑफिसातल्या मशीनवर रात्री लावला.

चित्र वाचताना

दोन चित्रं शेजारी ठेवायची तर रंगपट्टी एकच. सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला आपोआप वेगळी पट्टी लावतं आणि मग दोन्हीकडे सारखंच लाल दिसतं. वेग मीटरमध्ये दाखवण्यापेक्षा रिकाम्या मैदानातल्या त्याच उंचीच्या वेगाशी त्याचं गुणोत्तर दाखवा. ते वाऱ्याच्या जोरावर फारसं अवलंबून नसतं.

स्थिर प्रवाहाची ही मॉडेल्स झोतांच्या जागी बऱ्यापैकी खरं बोलतात. इमारतीच्या पाठीमागच्या शांत भागात मात्र ती वारा खऱ्यापेक्षा कित्येक पट कमी दाखवू शकतात. त्यामुळे "इथे वारा सुसाट" हे ठामपणे सांगा, "इथे हवा ठप्प" हे सांगताना दबकून. काकांच्या एप्रिलच्या शंकेला म्हणूनच मी ठाम उत्तर दिलं नाही. शंका मात्र रास्त आहे. डच मानक एनईएन ८१०० मध्ये ५ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त वारा किती तास असतो ते मोजून त्रास ठरवतात. हाँगकाँगने २००३ च्या सार्सच्या साथीनंतर उलटा प्रश्न धरला, नव्या इमारतींमुळे रस्त्यावर वारा पुरेसा पोचतो का, आणि २००६ पासून त्याची तपासणी सुरू केली. उन्हाळ्यापुरते आपण हाँगकाँगच्या बाजूचे.

आमच्या बोळाचं काय निघालं? सर्वांत जोराचा वारा बोळाच्या मध्यात नव्हता, तो तोंडाशी, दोन्ही टॉवरच्या कोपऱ्यांवर होता. रांग जमिनीपर्यंत पानांनी भरलेली असताना तोंडाशी वेग उतरला आणि काही वारा टॉवरच्या बाहेरच्या कोपऱ्यांकडे वळला, तिकडे तो थोडा वाढला. मग मला आठवलं की आमचे माळीकाका गाड्या लावता याव्यात म्हणून खालच्या दोन मीटर फांद्या छाटतात. तसा रन केला. वारा खोडांच्या मधून, बरोबर छत्रीच्या उंचीवर, आधीपेक्षा जोरात निघाला.

मीटिंगमध्ये ही तीन चित्रं एकाच रंगपट्टीत लावली. सेक्रेटरींनी तिसऱ्याकडे बघून विचारलं, "म्हणजे छाटायची नाहीत?"

"छाटायची असतील तर लावूच नका," मी म्हणालो. तेव्हा पार्किंगवरून नवीन वाद सुरू झाला. तो कुठल्याही सॉल्व्हरच्या आवाक्यातला नाही.

जमिनीवर उतरा

रांग लावायच्या आधी एकदा मोजून ठेवा, नंतर तुलना करायला काही हातात राहत नाही. हातातला पंख्याचा ॲनिमोमीटर पुरतो. पाचही ठिकाणी पावणेदोन मीटरवर, दहा-दहा मिनिटांची सरासरी. एका क्षणाचा आकडा लिहू नका, झोत येत-जात असतात. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी मोकळ्या जागी संदर्भाचा वारा मोजायला उभं करा. गच्चीवर मोजायचा मोह होतो, पण कठड्याजवळचा वारा इमारतीनेच विस्कटलेला असतो, त्यामुळे उंच काठी नसेल तर गच्ची नको. वारा कुठून कुठे वळतो ते बघायला काठीला बांधलेली रिबन उत्तम. उदबत्तीचा धूर अशा वाऱ्यात दिसतच नाही.

पाच जागांच्या खुणा मी खडूने केल्या होत्या. पहिल्याच सरीत पुसल्या. ऑइल पेंटने करा.